बर्फातल्या ट्रेकला जाताय? या चुका टाळा

आमच्या क्लबचा डिसेंबरातला केदारकांठा, म्हणजे उत्तराखंडातल्या बर्फाच्या शिखराचा ट्रेक, ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "थर्मल किती घेऊ?" घाम येऊ नये म्हणून काय करायचं, हे कुणी विचारत नाही. बर्फात माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच घामाने.

पायथ्याच्या सांकरी गावाहून सकाळी निघताना दात वाजत असतात. मंडळी थर्मल, फ्लीस, पिसं भरलेलं डाउन जॅकेट सगळं चढवून निघतात आणि अर्ध्या तासात आतून चिंब होतात. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याशी थांबलं की हाच घाम हाडं गोठवतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांनी थांबून एक थर उतरवा. डाउन जॅकेट सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि थांबल्या थांबल्या घाला, कुडकुडायची वाट बघू नका. राजगडला चालणारा सुती टी-शर्ट इथे नकोच. माझा एक ओला टी-शर्ट तंबूत रात्रभरात पापडासारखा कडक झाला होता, वर क्लबचं नाव छापलेलं.

पाय गार पडतात म्हणून तीन-तीन मोजे कोंबणारे दरवर्षी भेटतात. बूट आवळला की बोटांपर्यंत रक्त पोचत नाही, पाय आणखी गार. लोकरी मोज्यांचा एक जोड पुरे, झोपायचा जोड वेगळा आणि कोरडा. बोटं पांढरी, बधिर झाली तर बर्फाने चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. हात काखेत घाला, पाय सोबत्याच्या पोटाशी. लाजू नका.

शेगडी पेटत नाही? ती बिघडलेली नसते. गॅसच्या डब्यातलं साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. पाणी वरून गोठतं, म्हणून बाटली उलटी ठेवा. फोन आतल्या खिशात. गॉगल ढगाळ दिवशीही.

आता ज्या चुकीला मी खरंच घाबरतो ती. कळसूबाई १,६४६ मीटर, सांकरी गावच त्याहून उंच आणि केदारकांठ्याचा माथा ३,८०० मीटरच्या आसपास. शंभर किल्ले केलेल्यालाही विरळ हवा ओळखत नाही. तरी डोकं दुखतंय हे जुने मेंबर हमखास लपवतात, नवे हसतील म्हणून. डोकेदुखी, मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर रात्र असली तरी सोबत देऊन खाली न्यायचं. सकाळची वाट बघायची नाही. मी लीडर असलो की जेवणानंतर प्रत्येकाला तंबूबाहेर सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला लावतो. शिव्या खातो, पण चालवतो.