सलाईनचे थेंब मोजायला मी कशी शिकले : जीएनएम नर्सिंगच्या नव्या मुलामुलींसाठी

दरवर्षी कुणी ना कुणी ज्युनिअर रडवेल्या तोंडानं येते आणि म्हणते, ताई ते ड्रॉप रेटचं, मिनिटाला किती थेंब सोडायचे त्याचं, गणित काही केल्या डोक्यात शिरत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. मी जिंतूर तालुक्यातली, बारावी आर्ट्स, सगळं शिक्षण मराठी मीडियममधून, त्यामुळं गणिताची भीती काय असते ते मला सांगायला नको.

फॉर्म्युला एका ओळीचा आहे. एकूण एमएल गुणिले ड्रॉप फॅक्टर, भागिले एकूण मिनिटं. ड्रॉप फॅक्टर म्हणजे त्या सेटमधून, म्हणजे सलाईनच्या नळीतून, १ एमएलला किती थेंब पडतात तो आकडा. ५०० एमएल ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले ४८० मिनिटं, उत्तर २०.८, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. अर्धा थेंब पडत नसतो म्हणून पूर्ण आकडा घ्यायचा. हे मला पाठ होतं, पण वॉर्डात कुणी अचानक विचारलं की वर काय आणि खाली काय हेच विसरायचे, तासांची मिनिटं करायची राहून जायची आणि उत्तर हजारात यायचं.

मला ते खरं समजलं घरी, दिवाळीच्या सुट्टीत. आमच्याकडं मोसंबीला ठिबक आहे. आबा बोलता बोलता म्हणाले, ड्रिपर ताशी ४ लिटरचा हाय, पाच तास लाइट राहिली तर एका ड्रिपरखाली २० लिटर पडतंय. ते कधीच थेंबात विचार करत नाहीत, ताशी किती एवढंच बघतात. तेव्हापासून मी पण तेच करते, आधी ताशी एमएल काढायचे आणि मग थेंबांकडं वळायचं. ५०० एमएल ४ तासांत म्हणजे ताशी १२५. आता २० चा सेट असेल तर त्याला ३ नं भागा, ४१.६, म्हणजे ४२ थेंब. १५ चा सेट असेल तर ४ नं भागा, ३१. आणि मायक्रो सेट असेल तर भागायचंच नाही, ताशी जेवढे एमएल तेवढेच मिनिटाला थेंब, कारण त्याचा १ एमएल म्हणजे ६० थेंब आणि तासाची मिनिटंही ६०. तो ३ आणि ४ पण तिथूनच आला, ६० भागिले २० आणि ६० भागिले १५. परीक्षेत मात्र पूर्ण फॉर्म्युला मांडूनच सोडवा, स्टेप्सना मार्क असतात.

ड्रॉप फॅक्टर सेटच्या पाकिटावर छापलेला असतो आणि पाकीट फेकायच्या आधी तो वाचायचा. ही गोष्ट मी चूक करून शिकले. सेकंड इयरला मेडिसिन वॉर्डात होते, सत्तरीचे एक बाबा, ताप, दोन दिवस पोटात काही नाही. सकाळी ८ वाजता ५०० एमएल ८ तासांत अशी ऑर्डर होती, मी २१ थेंब काढले, घड्याळ लावून मोजले आणि निघून गेले. पण सेट रात्रीचाच होता, मी फक्त बाटली बदललेली, आणि तो निघाला मायक्रो. म्हणजे ताशी साडेबासष्टच्या जागी २१ एमएल चाललेले. बाबांचा मुलगा दोनदा म्हणाला होता, सिस्टर बाटली हलायलीच नाही की हो, आणि मी त्याला म्हटलं थेंब बरोबर आहेत दादा. १२ वाजता राऊंडला स्टाफ सिस्टरनं बाटली बघितली, निम्मी संपायला पाहिजे होती तर चारशेच्या वर शिल्लक. माझे हातपाय गार पडले. मला पहिलं सुचलं ते फास्ट करून भरून काढायचं, पण सिस्टरनं हात धरला आणि डॉक्टरांना बोलावलं. म्हाताऱ्या माणसाला राहिलेलं सगळं घाईनं दिलं तर फुप्फुसात पाणी साचून धाप लागू शकते, म्हणून मागं पडलेली सलाईन आपल्या मनानं पळवायची नाही, नवा रेट डॉक्टरच ठरवणार. पोटॅशियम घातलेली बाटली असेल तर याच्या दुप्पट काळजी, ती वेगात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मायक्रो सेट ओळखायचा कसा, तर चेंबरमध्ये, म्हणजे बाटलीखालच्या ज्या पारदर्शक भागात थेंब पडताना दिसतात तिथं, वरून बारीक सुईसारखी धातूची नळी असते आणि थेंब एकदम इवलासा पडतो.

मोजताना घड्याळ चेंबरच्या बाजूला, डोळ्यांसमोर धरा, म्हणजे मान वरखाली होत नाही. चेंबर साधारण अर्धाच भरलेला ठेवा, पूर्ण भरला तर थेंब दिसत नाहीत. सेट करताना १० सेकंदांत ७ थेंब आले की ४२ जमलं असं समजून क्लॅम्पवरचा, म्हणजे नळी आवळायच्या चाकावरचा, हात काढते, पण नंतर पूर्ण १ मिनिट मोजतेच. आणि एकदा जुळवलं म्हणजे झालं असं नसतं. पेशंटनं कोपर वाकवलं की थेंब मंदावतात, बाटली खाली आली की मंदावतात, कूस बदलली की परत वाढतात. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं जुलाबाचे पेशंट वाढले की एका बेडपाशी चार नातेवाईक असतात, त्यातला एखादा, गाडी निघून जायलीय सिस्टर, म्हणत स्वतःच चाक फिरवून ठेवतो. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना वाटतं लवकर संपली की लवकर बरं वाटेल. हात जोडून सांगा, मामा, चाकाला हात लावू नका, कमीजास्त वाटलं की मला हाक मारा. आणि हाक मारली की जा, मी त्या दिवशी गेले नाही.

बाटलीला उभी चिकटपट्टी लावायची सवय करा. १० वाजता ५०० सुरू केलं, ताशी १२५, तर ११ ला ३७५, १२ ला २५०, १ ला १२५ आणि २ ला संपणार, या खुणा पट्टीवर करा, मार्करनं थेट प्लास्टिकवर लिहू नका. मग थेंब न मोजतासुद्धा दारातून कळतं की सलाईन मागं आहे का पुढं.

हॉस्टेलवर प्रॅक्टिस करायची असेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारून एक्स्पायरी झालेली बाटली आणि न वापरलेला जुना सेट घ्या, खिडकीच्या गजाला टांगा, खाली मोजमापाचं भांडं ठेवा. २० चा सेट असेल तर ४२ थेंब लावून तासभर थांबा आणि १२५ एमएल जमतं का बघा. आम्ही तिघी पहिल्यांदा बसलो तेव्हा दीडशेच्या वर जमलं होतं, क्लॅम्प हळूहळू ढिला पडत गेलेला आणि मध्ये कुणीच परत मोजलं नव्हतं. दुसऱ्या वेळी दर पंधरा मिनिटांनी मोजत राहिलो, तेव्हा १३० भरलं.