क्रिएटिनीन उतरलं म्हणून पेढे वाटू नका: डायलिसिसवाल्यांच्या खाण्यातल्या चुका

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं मला विचारू नका. पण चौदा वर्षं मशीनशेजारी उभं राहून डबे बघतोय, आणि दर नवीन पेशंटच्या डब्यात तेच, साबुदाण्याची पेज नाहीतर पांढरा भात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनं पथ्य. किडनी खराब आहे पण डायलिसिस सुरू नाही तेव्हा डॉक्टर प्रोटीन कमी करायला लावतात, किलोमागे साधारण 0.6 ग्रॅम. तो कागद फ्रिजवर चिकटतो आणि डायलिसिस सुरू झालं तरी निघत नाही. इथे हिशोब उलटा होतो हो, आता किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतं, कारण एका सिटिंगमध्येच 6 ते 12 ग्रॅम अमिनो ॲसिड फिल्टरमधून निघून जातात. म्हणजे 55 किलोच्या माणसाला दिवसाला 55 ते 66 ग्रॅम. पेजेतून येणार कुठून?

आमच्याकडे एक काका होते. पहिल्या वर्षी क्रिएटिनीन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) 11, मग 9, मग साडेसहा. मुलगा पेढे घेऊन आला, वर विचारतो, "आता आठवड्यातून एकदाच आणलं तर चालेल ना?" मी पेढा हातात धरून काकांच्या मनगटाकडे बघत होतो, घड्याळाचा पट्टा पार कोपरापर्यंत सरकत होता. अहो, क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. डायलिसिस तेवढंच असताना ते असं उतरत गेलं तर बहुतेक वेळा किडनी सुधारत नसते, माणूस झिजत असतो, आणि असे झिजलेले पेशंट कमी जगतात हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, काढलं तर 2.8. ते निदान साडेतीनच्या वर हवं, चारच्या आसपास असलं तर उत्तम. (अल्ब्युमिन इन्फेक्शननेही पडतं, म्हणून नुसतं खाणं वाढवून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.)

आणि वजन? वजन तेच, 58! मांस गेलं, त्या जागी पाणी भरलं, काटा हलला नाही. काका रात्री तीन उशा लावून बसून झोपायचे आणि घरचे म्हणायचे गॅस झालाय. शेवटी डॉक्टरांनी ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) हळूहळू 53 वर आणलं तेव्हा दम लागायचा थांबला. तेव्हापासून माझी सवय, काट्याआधी कानशिलं आणि दंड बघतो. खोल गेले असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालतो, मग वजन काहीही असो.

खायचं काय, तर अंड्याचा पांढरा भाग माझ्या मते सगळ्यात सोपा, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस (किडनी गेली की रक्तात साठतो) नावाला. घर शाकाहारी असेल तर पनीर, मूगडाळ, पण प्रमाण डाएटिशियनकडून घ्या, यूट्यूबवरून नको. त्या काकांच्या काकूंनी अंड्यासाठी वेगळं पातेलं आणलं, ते गॅलरीतल्या शेगडीवरच ठेवायच्या, पण रोज उकडून द्यायच्या.

बाकीच्या पटकन सांगतो. खाण्यातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवताना घ्यायची, जेवण झाल्यावर तासाने घेऊन काही उपयोग नाही. पोटॅशियमही किडनी गेली की रक्तात साठतं, म्हणून भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकायचं, त्याचं सूप करून पाजणारेही भेटलेत मला! लो सोडियम मीठ बंद, त्यातही पोटॅशियम असतं. नारळपाण्यातही तेच, "थंड असतं" म्हणून देणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. करमळं म्हणजे स्टारफ्रूट, एक फोडसुद्धा नको, उचकी लागते, माणूस बेशुद्धही होऊ शकतो.

प्रोटीन पावडरचा डबा स्वतःच्या मनाने आणू नका. जिमवाला तर नाहीच नाही. परवाच एकाने आणला, मागचं लेबल वाचलं तर पोटॅशियम ठासून भरलेलं, परत करायला गेला तर दुकानदार म्हणे सील तोडलंय.