ॲक्शनपट लिहायला शिकताना: अंक कुठे पालटतो ते बघा

ॲक्शनपट लिहायला बसलेला नवखा माणूस आधी मारामाऱ्या रचतो आणि मग त्यांच्या मधल्या जागांत गोष्ट कोंबतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अशी पटकथा हातात आली की एकेक ॲक्शन प्रसंग झाकून पुढचं वाचायचे. झाकूनही गोष्ट कळली, तर प्रसंग बाद. ती सवय मलाही लागली.

पटकथालेखन शिकवणारे अमेरिकी लेखक सिड फील्ड यांनी 1979 च्या पुस्तकात मांडलेलं गणित सगळीकडे ऐकायला मिळेल: 120 पानं, पानाला साधारण एक मिनिट, पहिला अंक 30 पानांचा, दुसरा 60, तिसरा 30. आकडे माहीत असू द्या, फार कवटाळू नका. अंक स्फोटानं पालटत नाही. नायकाचा परतीचा रस्ता बंद झाला, की पालटतो.

‘डाय हार्ड’ (1988) वही घेऊन बघा. विमानातला सहप्रवासी नायकाला सुचवतो: पोचल्यावर बूट-मोजे काढ, गालिच्यावर पायाची बोटं आवळ. तो तेच करत असताना हल्ला होतो आणि गडी अनवाणीच पळतो. पहिल्या अंकात ही नुसती गंमत वाटते. पुढे खलनायकाला ते उघडे पाय दिसतात आणि तो थेट काचांवर गोळ्या झाडायला लावतो. मग बाथरूममध्ये तळव्यातल्या काचा उपसताना नायक रेडिओवरून बायकोसाठी माफीचा निरोप देतो. पहिल्या अंकात भांडणात अडकलेली माफी दुसऱ्याच्या शेवटाला बाहेर पडते, तीही एका फाइटमुळे.

दुसरा अंक लांब, आणि बहुतेक पटकथा तिथेच दमतात. मग लोक स्फोट मोठे करतात. उपयोग नाही, डोळा मोठेपणाला पटकन सरावतो. त्यापेक्षा प्रत्येक झटापटीत नायकाचं काहीतरी जाऊ द्या: शस्त्र, साथीदार, लपायची जागा. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (2015) म्हणजे जवळपास अखंड पाठलाग, पण ज्या हिरव्या मुलखासाठी नायिका आणि तिच्या सोबतिणी पळाल्या तो उरलेलाच नाही हे कळतं आणि आल्या वाटेनं परतायचं ठरतं. वाळवंट तेच, पण पळणं संपून चढाई सुरू होते.

अंक तीन की चार, या वादात पडू नका. तिसऱ्यात नवं शस्त्र मात्र आणू नका. जे लागेल ते आधी दिसलेलं हवं.

सरावासाठी आवडता ॲक्शनपट घ्या. प्रत्येक ॲक्शन प्रसंगापुढे दोन रकाने: कोणाला काय हवं होतं, आणि यानंतर काय अशक्य झालं. दुसरा रकाना कोरा राहिला तर तो प्रसंग निव्वळ हौसेचा. तसा एखादा ठेवावा. मोटारसायकलची उडी मलाही आवडते.