जाम मशीन उघडण्याआधी काय काय हाताशी हवं

वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडलेल्या कारखानी शिलाई मशीनचं चाक हलत नाही, तेव्हा दहातल्या नऊ जणांच्या डोक्यात एकच शब्द येतो, गंज. गंज असतोही, पण बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाला. आतलं मशीन अडवून धरतं ते वाळलेलं तेल. जुनं तेल हवेशी संयोग होऊन आधी चिकट होतं, मग पिवळट वार्निशसारखं घट्ट बसतं आणि सुईदांडा (सुई धरून वरखाली होणारी दांडी) त्याच्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात, चिकटवल्यासारखा अडकतो. हे डोक्यात पक्कं असलं की यादीचा रोखच बदलतो. हातोडा खाली जातो आणि रॉकेल वर येतं.

सगळ्यात आधी वीज. प्लग काढून ठेवा, पट्टा उतरवा. क्लच मोटर असेल तर ती पायडल दाबला नाही तरी आतून फिरतच असते, आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. तेव्हा नुसत्या बटणावर विश्वास नको.

मग जागा. जलद शिवणाऱ्या मशीनचं नुसतं डोकंही २५-३० किलोंच्या आसपास जातं. म्हणून उचलायला दुसरा माणूस, खाली न डगमगणारं टेबल, त्यावर जाड पुठ्ठा आणि तेल टिपायला पसरट परात. खिडकी उघडी हवी. रॉकेलचा वास डोक्यात जातो आणि ठिणगीचा धोका असतोच. भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

फोन हाताशी असू द्या. उघडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो, उघडताना प्रत्येक जोडाचे फोटो. आपण लक्षात ठेवू असं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी तोच स्क्रू हातात घेऊन आपण छताकडे बघत बसतो. अनुक्रमांक आणि मॉडेलही टिपून घ्या. सिंगरच्या बऱ्याच जुन्या मशीनवर क्रमांकाआधीच्या अक्षरांवरून बनावटीचा काळ साधारण लागतो, आणि मॉडेल कळलं की पार्ट शोधणं सोपं जातं. स्क्रूंसाठी खणांचा डबा किंवा कागदी पाकिटं, प्रत्येकावर नाव. हा हट्ट धरावा, कारण जुन्या सिंगरच्या कित्येक स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू दिसायला तसाच असला तरी बसत नाही.

पेचकसांबाबत मी थोडा हट्टी आहे. पातं खाचेत लांबीलाही आणि जाडीलाही पुरं भरायला हवं. सैल पात्याने एकदा खाच मोडली की तो स्क्रू ड्रिलनेच बाहेर येतो, आणि ते दुःख मी अनुभवलेलं आहे. घट्ट स्क्रूवर तेल सोडून रात्रभर थांबावं. मग तेल पुसून, तापलेलं सोल्डरिंगचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवून तो निवू द्यावा, आणि त्यानंतर आधी किंचित घट्ट करून मगच सैल करावा. शिवाय ॲलन की, चिमटा, पितळी ब्रश, दात घासायचे जुने ब्रश आणि एक टॉर्च.

द्रवांत तीन गोष्टी पुरतात: रॉकेल, गंजात शिरणारं तेल आणि पांढरं शिलाई मशीन तेल. पहिली दोन विरघळवतात, वंगण म्हणून टिकत नाहीत. खाद्यतेल तर चुकूनही नको, त्यानेच पुढचं वार्निश तयार होतं. रंगावर जुनी सोनेरी नक्षी असेल तर थिनर आणि स्पिरिट दूर ठेवा. रॉकेलसुद्धा आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटभर जागेवर लावून पाहावं.

आता खरी तयारी, अडलंय कुठे ते शोधण्याची. सुई, प्रेसर फूट, प्लेट, बॉबिन केस काढा आणि बॉबिनभोवती फिरून दोरा पकडणाऱ्या हुकच्या मागे टॉर्च मारा. एकदा तीन दिवस मी शाफ्टला रॉकेल पाजत होतो आणि शेवटी निघाला हुकमध्ये गुंडाळलेला काळा दोरा, वीतभर. दोरा नसेल तर सुईदांड्याच्या उंचीची खूण मार्करने करा, त्याची पकड सैल करून तो त्याला वरखाली हलवणाऱ्या जोडापासून वेगळा करा आणि चाक हलकेच ढकलून पाहा. फिरलं तर गुन्हेगार सुईदांडा. नाही फिरलं तर खाली, कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या शाफ्टकडे वळा. प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे थेंब, मग हेअर ड्रायरची ऊब (रॉकेल उडून गेल्यावरच), पुन्हा थेंब. चाक मागेपुढे केसभर. पाना लावून चाक फिरवू नका. मोठ्या चाकावरचा जोर जाऊन पोचतो तो आतल्या सगळ्यात बारीक जोडावर. या टप्प्याला तीन दिवस धरा, आठवडाही लागू शकतो.

पार्टची खरेदी मशीन सुटल्यानंतर. सुई मात्र मॉडेल पाहूनच घ्या: डीबी×१ जातीच्या सुईचा वरचा, मशीनमध्ये बसणारा भाग साधारण १.६ मिमी जाड, डीपी×५ चा २ मिमी, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. तेलवाती (सांध्यांपर्यंत तेल पोचवणाऱ्या वाती) कडक झाल्या असतील तर नव्या. खाली तेलाची टाकी असेल तर जुनं तेल काढून पंपाची जाळी धुवा आणि नवं तेल दोन खुणांच्या मध्ये भरा.

हुक हलवला असेल तर टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक यांच्या भेटीचा मेळ, बघावंच लागेल. सुई तळाला जाऊन २ ते २.५ मिमी वर आली, की हुकचं टोक सुईच्या मध्यावर, नाक्याच्या जरा वर पोचायला हवं. सुईदांड्यावर रेघा कोरलेल्या असतील तर काम निम्मं होतं.

पट्टा शेवटी चढवा. आधी हाताने पन्नासेक फेऱ्या, चाक आपल्याकडे फिरवत, मग कमी वेगाने दोनचार मिनिटं बिनदोऱ्याचं, प्रेसर फूट वर उचलून. पहिलं कापड चिंधीच घ्या, पुढचा दिवसभर ती तेलाने काळी होत राहील.