भूकंप-ज्वालामुखीचे शब्द कोल्हापुरात बसून कसे शिकावेत

मुलाची परीक्षा असो की बातमी नीट कळण्याची हौस, व्याख्या घोकत बसू नका. शब्द जिथे दिसतो तिथे जा. आपल्याकडे ती सोय आहे.

१. आधी दगड बघा. पन्हाळ्याच्या वाटेवर डोंगर उघडा पडलाय, अशा ठिकाणी गाडी बाजूला घ्या. काळा, जड दगड दिसेल, तो बेसाल्ट. त्यातली बारीक भोकं शोधा. काही रिकामी असतील, काहींत पांढरे खडे. वितळलेला खडक जमिनीच्या पोटात असतो तोवर शिलारस. बाहेर पडला की लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, तीच ही भोकं. पांढरे खडे म्हणजे पुढे झिरपलेल्या पाण्यातून साठलेली खनिजं.

गडावरचा तांबडा जांभाही भोकाभोकांचाच, पण ती भोकं वायूची नव्हेत. ऊन-पावसात मूळ खडक कुजून, त्यातली द्रव्यं वाहून जाऊन जांभा तयार होतो. पोरं इथे हमखास फसतात.

२. मग डोंगर. ‘जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी होता का?’ हे विचारलं जाणारच. नव्हता. आपल्याकडचा लाव्हा लांबच लांब भेगांतून येऊन थरावर थर पसरला. भोवतालचं झिजून गेलं, उरला तो डोंगर. हा भेगीय उद्रेक. एका नळीतून वर येऊन शंकू रचणारा तो केंद्रीय, जसा जपानचा फुजी. जागृत ज्वालामुखीसाठी परदेशी जायला नको, अंदमानात बॅरन बेट आहे.

३. भूकंपाला कोयनाच घ्या. ११ डिसेंबर १९६७ची ती पहाट घरातल्या थोरांना विचारा. मग कागदावर जमिनीचा उभा छेद काढा. खडक ज्या भेगेवर सरकतो तो प्रस्तरभंग, सरकायला सुरुवात होते ती जागा भूकंपनाभी आणि तिच्या बरोबर वर जमिनीवर अपिकेंद्र.

४. भूकंपाच्या लहरींचं गणित करा. प्राथमिक लहरी आधी पोचतात, दुय्यम मागून. जवळच्या भूकंपात दोन्हींच्या पोचण्यात जितक्या सेकंदांचा फरक, त्याला ८ने गुणलं की अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. यंत्रावर १० सेकंदांचा फरक दिसला, तर भूकंप सुमारे ८० किलोमीटरवर झाला. हे एकदा स्वतः केलं की दोन्ही नावं विसरत नाहीत.

५. परिमाण आणि तीव्रता वेगळी ठेवा. वर्तमानपत्रं सर्रास घोळ घालतात. रिश्टरचा आकडा म्हणजे परिमाण, एका भूकंपाला एकच. तो १ने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. तीव्रता म्हणजे त्या जागी धक्का किती जोराचा बसला, ती गावागणिक बदलते: १९६७ साली कोयनानगरात घरं कोसळली, मुंबईत नुसता धक्का जाणवला.

कोयनेच्या धक्क्याची पुढची बातमी आली की मुलाच्या हातात पेन्सिल द्या. अपिकेंद्र, खोली, परिमाण अधोरेखित करू दे. खोली छापली असेल, तर त्या छेदात नाभीचा ठिपका कुठे येईल, तेही त्यालाच ठरवू दे.