दहा मीटर एअर रायफल: गोळ्या डावीकडे जातात, दोष साइटचा नसतो

उभ्याने मारलेल्या 4.5 मिमीच्या पेलेट (छोट्या गोळ्या) एकदा डावीकडे, एकदा मधल्या दहा गुणांच्या ठिपक्याजवळ पडत असतील, तर आधी साइटच्या, म्हणजे रायफलवरच्या नेम धरायच्या साधनाच्या, क्लिकला (ते सरकवणाऱ्या बटणाला) हात लावू नका. नवशिके नेमकं तेच करतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं उलटं फिरवत बसतात! दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दंडाने ओढून तिथे टिकता येत नाही.

रिकामी रायफल धरून नेम घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, उघडा. साइटची पुढची रिंग लक्ष्याच्या मधल्या काळ्या गोलाच्या डावीकडे गेली असेल तर शरीरच तिकडे वळलंय. (पुढचं उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी.) डावं पाऊल जागीच ठेवून उजवं पाऊल बोटभर मागे, म्हणजे आपल्या पाठीच्या बाजूला, घ्या. बोटभरच, वीतभर नाही. पुन्हा डोळे मिटून तपासा. रिंग उजवीकडे गेली तर पाऊल पुढे. वर-खाली चुकत असेल तर बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) उंची बघा.

जमलं की दोन्ही पावलांभोवती जमिनीवर खडूने रेघ मारा. मग पाच पेलेट मारा. झुबका घट्ट पण बाजूला पडला, तरच क्लिक फिरवा.