नवा राउटर आणण्याआधी घरात करायची तयारी

आमच्या घरचा इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा होता. मुलांच्या अभ्यासासाठी तो २०० चा केला, आणि त्यानंतर सात महिने वेग ९४ च्या पुढे सरकला नाही. जादा पैसे मात्र दर महिन्याला जात राहिले. कारण सापडलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण ते पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात कळलं असतं. म्हणून ही तयारी लिहून ठेवते आहे. दुकानात जायच्या आधी एवढं करून घ्याच.

सगळ्यात आधी लॅपटॉप आणि एक धड लॅन केबल हाताशी घ्या. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो केबलने थेट सध्याच्या राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला एकदा. तिन्ही आकडे कागदावर लिहा, शेजारी वायफायवरचे आकडेही लिहा. केबलवर पूर्ण वेग येतो आणि वायफायवर येत नाही, तर राउटर किंवा त्याची जागा चुकते आहे. केबलवरही फक्त रात्रीच वेग पडतो, तर अडचण बहुधा कंपनीच्या बाजूला आहे. तक्रार नोंदवा, नवा राउटर त्यावर काही करू शकणार नाही.

तिसरी शक्यता आमच्या घरातली. प्लॅन कितीही मोठा असला तरी केबलवरचा आकडा ९३ ते ९५ मध्ये अडकतो. याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट बसला आहे. राउटरमागचे पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या खाचा, घरगुती राउटरमध्ये सहसा दोन प्रकारचे असतात, १०० एमबीपीएसचे आणि १००० चे, म्हणजे गिगाबिट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. विंडोजमध्ये सेटिंगमधल्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड १००/१०० दिसतो की १०००/१००० ते बघा. १०० दिसला तरी लगेच राउटरला दोष देऊ नका, आधी केबल बदलून बघा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. क्लिपमधली उरलेल्या चारातली एखादी तार सुटली तरी नेट बहुधा चालू राहतं, फक्त वेग १०० वर येतो. लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट किंवा त्याला लावलेला यूएसबी ॲडाप्टरही गिगाबिटच हवा, नाहीतर चाचणीच खोटी ठरते.

मग कंपनीला किंवा केबलवाल्याला फोन करा आणि उत्तरं वहीत लिहा. फायबरची वायर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. आपल्याकडे हा डबा वेगळा आहे की राउटर त्यातच आहे? नेट यूजरनेम-पासवर्डवर, म्हणजे पीपीपीओईवर चालतं का? चालत असेल तर तो पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅन नंबर (राउटरच्या सेटिंगमध्ये भरायचा कंपनीचा क्रमांक) मागून घ्या. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे तो फक्त नेट पुढे देईल आणि राउटरचं काम नवा राउटर करेल असा, टाकून देतील का? देत नसतील तर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, लावता येतो, त्याने वायफाय सुधारतं. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल तर तो डबा काढायचा नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. काही केबलवाले जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकावर, जोडणी बांधून ठेवतात, म्हणून राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. फायबरची वायर स्वतः उपसू नका, घट्ट वळवू नका.

आता घर फिरून बघा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात, पण त्यात एकमेकांना न अडवणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. बिल्डिंगमधल्या सगळ्या फ्लॅटची गर्दी तिथेच होते. ५ गिगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो, पण आरसीसीच्या भिंतीपुढे तो लवकर दमतो. कनेक्शन जोडायला आलेला मुलगा डबा सहसा दाराजवळ किंवा टीव्हीमागे बसवून जातो, कारण वायर तिथे येते. शेजारी लोखंडी कपाट किंवा फ्रिज असेल तर निम्मं घर कोरडं राहतं. माझं ठाम मत आहे की दहा मीटर लॅन केबल टाकून राउटर घराच्या मध्यावर आणणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय आहे. घर लांबट असेल किंवा दोन मजली असेल तर मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, घ्या. त्याचे दोन डबे आपसात केबलने जोडता आले तर उत्तमच. नाही जमलं तर दुसरा डबा जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवा, जिथे नेट पोचतच नाही त्या खोलीत नको.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. 'एएक्स १८००' म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे १२०१ यांची बेरीज, तीही कागदावरची. एका फोनला ती कधीच मिळत नाही. 'एसी १२००' लिहिलेल्या काही राउटरचे मागचे पोर्ट तर १०० चेच असतात, आमचा तसाच होता. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, वॅन (जिथे बाहेरून नेट येतं) आणि लॅन (जिथून घरात जातं) सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का? त्यासोबत ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही देणारं, वायफाय ६ असलं की ३०० एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला पुरे. अँटेना किती आहेत त्यावर जाऊ नका. ऑनलाइन घेत असाल तर 'एडीएसएल' लिहिलेला टाळा, तो तांब्याच्या जुन्या फोनलाइनसाठी असतो. घरी मिनी यूपीएस असेल तर नव्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवून बघा, ओएनटीलाही बॅकअप लागतो हे विसरू नका.

बदलायचं काम सुट्टीच्या दिवशी सकाळी काढा, म्हणजे अडलं तर मदत मिळवायला दिवस हातात राहतो. नव्या राउटरला जुनंच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, मग टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर बहुधा आपोआप जोडले जातात. सुरक्षेत डब्ल्यूपीए २ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. जुना राउटर दोन आठवडे जपून ठेवा. तो कंपनीचा असेल तर मागचं बटण दाबून रीसेट करा, ॲडाप्टरसकट परत द्या आणि परत केल्याची पावती घ्या.